एका अक्षराचा फरक: इंग्रजीतील सारखे दिसणारे शब्द वेगळे ओळखण्याची पद्धत

रजेचा अर्ज इंग्रजीत लिहिताना ‘कॅज्युअल लीव्ह’मधील पहिल्या शब्दातील ‘एस’ आणि ‘यू’ या दोन अक्षरांची अदलाबदल झाली, तर तयार होणारा शब्द निरर्थक नसतो. तो ‘कॉझल’ हा शब्दकोशात असलेला दुसराच शब्द असतो आणि त्याचा अर्थ ‘कार्यकारणसंबंधाचा’ असा आहे. शब्द खरा असल्यामुळे संगणक त्याच्याखाली बहुधा लाल रेघ ओढत नाही, लिहिणाऱ्याला चूक दिसत नाही आणि अर्ज तसाच पुढे जातो. आपल्या शासकीय मराठीत या रजेला ‘नैमित्तिक रजा’ म्हणतात आणि निमित्त म्हणजे कारण, त्यामुळे ‘कॉझ’शी जुळणारे स्पेलिंग मराठी माणसाला उलट जास्त पटते. मूळ इंग्रजी शब्दात मात्र ‘कारण’ नसून ‘योगायोगाने, अचानक उद्भवणारे’ असा भाव आहे.

इंग्रजी नव्याने लिहू लागलेल्यांनी अशा जोड्या कशा सोडवाव्यात, याची पायरीपायरीने मांडणी येथे केली आहे. हा लेख वाचताना जवळ कागद-पेन असावे आणि उल्लेख येईल तो शब्द रोमन लिपीत स्वतः लिहून पाहावा, कारण फरक अक्षरांचा आहे आणि तो हाताखालून गेल्याशिवाय पक्का होत नाही.

आधी हा गोंधळ का होतो ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण बहुतेक जण त्याचा दोष आपल्या स्मरणशक्तीला देतात आणि तो दोष तिचा नसतो. मराठीत आपण साधारणपणे जसे बोलतो तसे लिहितो. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधला पहिला छापखाना सुरू केला, त्यानंतर हळूहळू इंग्रजी शब्दांची लेखनरूपे ठरत गेली. उच्चार मात्र पुढेही बदलत राहिले. त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगमध्ये अनेकदा आजचा उच्चार नसतो, तर शब्दाचा इतिहास असतो. दुसरे कारण आपल्या बाजूचे आहे. आपण इंग्रजी शब्द आधी कानाने घेतो आणि मनात देवनागरीत साठवतो. घड्याळाचा सेल संपला, साड्यांचा सेल लागला, आणि इंग्रजीत विकण्याच्या क्रियेलाही सेलच म्हणतात: इंग्रजीतले तीन स्वतंत्र शब्द आपल्या मनात एकाच लेखनाखाली जमा झालेले असतात. इंग्रजी लिहायची वेळ आली की त्यातला कोणता बाहेर काढायचा, हे आपल्याला ठरवता येत नाही. पुढच्या सर्व पायऱ्या हे एकत्र पडलेले शब्द पुन्हा वेगळे करण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: फरक कानाला कळतो का, ते पाहावे

एखादी जोडी सतत चुकते असे लक्षात आले, की प्रथम शब्दकोशात किंवा मोबाइलवर दोन्ही शब्दांचे उच्चार ऐकावेत. अनेक जोड्या मूळ इंग्रजीत वेगवेगळ्या उच्चारल्या जातात आणि केवळ आपल्या बोलण्यात त्या एक झालेल्या असतात. ‘नट लूज झाला’ असे आपण म्हणतो, त्यामुळे सैल या अर्थाचा शब्द आणि गमावणे या अर्थाचा शब्द आपल्याला एकच वाटतो. इंग्रजीत सैल या अर्थाच्या शब्दाचा शेवट ‘स’ असा होतो, म्हणजे तो ‘लूस’ आहे आणि त्यात ‘ओ’ दोनदा येतो. गमावणे या अर्थाचा शब्द ‘लूझ’ आहे आणि त्यात ‘ओ’ एकदाच येतो. या दुसऱ्या शब्दाचे भूतकाळी रूप ‘लॉस्ट’ सर्वांना माहीत असते आणि त्यातही ‘ओ’ एकच असतो, त्यामुळे शंका आल्यास ‘लॉस्ट’ आठवावा.

वाळवंट आणि जेवणानंतरचा गोड पदार्थ या दोघांनाही आपण ‘डेझर्ट’ म्हणतो. इंग्रजीत वाळवंटाच्या शब्दात जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर, असतो आणि गोड पदार्थाच्या शब्दात तो दुसऱ्या अवयवावर असतो, म्हणजे तो ‘डिझर्ट’ असा ऐकू येतो. गोड पदार्थात ‘एस’ दोनदा का, याचे कारण फ्रेंचमध्ये आहे. फ्रेंचमध्ये जेवणाचे टेबल आवरण्याच्या क्रियापदापासून हा शब्द झाला. मुख्य जेवणाची भांडी उचलल्यावर जे वाढले जाते ते डिझर्ट. उलट क्रिया दाखवणारा उपसर्ग ‘एस’ने संपतो आणि वाढण्याचे क्रियापद ‘एस’ने सुरू होते, म्हणून दोन्ही ‘एस’ शेजारी आले. हे एकदा समजले की घोकंपट्टीची गरज उरत नाही.

ज्या जोड्यांचा उच्चार इंग्रजीतही सारखाच आहे, त्यांना कानाचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी दुसरी आणि तिसरी पायरी आहे. ‘फॉर्म’ आणि ‘फ्रॉम’ यांसारख्या जोड्या उच्चाराने आणि अर्थाने अगदी दूर असतात आणि फक्त टंकलेखनाच्या घाईत एकमेकींच्या जागी येतात. त्यांच्यासाठी अभ्यास नको, शेवटी सांगितलेली तपासणी पुरते.

दुसरी पायरी: वाक्यात शब्द काय काम करतो, ते विचारावे

शाळेत शिकलेले नाम आणि क्रियापद येथे फार कामी येतात. सल्ला या अर्थाचे नाम ‘अ‍ॅडव्हाइस’ हे ‘सी-ई’ने संपते आणि सल्ला देणे हे क्रियापद ‘अ‍ॅडव्हाइझ’ हे ‘एस-ई’ने संपते. उपकरण म्हणजे ‘डिव्हाइस’ आणि योजून काढणे म्हणजे ‘डिव्हाइझ’ ही जोडीही तशीच आहे. ‘प्रॅक्टिस’ या शब्दात नाम व क्रियापद यांचा उच्चार सारखा असला तरी ब्रिटिश लेखनपद्धतीत नियम तोच राहतो: डॉक्टरची प्रॅक्टिस ‘सी’ने आणि सराव करणे ‘एस’ने. परवान्याचेही तसेच आहे. भारतात सरकारी लेखन प्रामुख्याने ब्रिटिश पद्धतीचे असते आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्यात वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी ‘सी-ई’ने संपणारे नामरूपच आले आहे. अमेरिकेत मात्र परवान्याचे नाम आणि क्रियापद दोन्ही ‘एस’ने लिहितात, तर प्रॅक्टिसची दोन्ही रूपे ‘सी’ने लिहितात. म्हणून परदेशी विद्यापीठाला अर्ज करणाऱ्याने आपण कोणती पद्धत पाळत आहोत हे आधी ठरवावे आणि एकाच पत्रात दोन्ही मिसळू नयेत.

याच पायरीवर नवशिक्यांना सर्वाधिक त्रास देणारी जोडी येते: ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’. मराठीत आपण ‘त्याचा इफेक्ट झाला’ असेही म्हणतो आणि ‘त्यामुळे तो अफेक्ट झाला’ असेही म्हणतो, आणि दोन्ही वाक्यांत ‘झाला’ आल्यामुळे फरक झाकला जातो. यासाठी एक सोपी कसोटी आहे. इंग्रजी वाक्यातल्या त्या जागी मराठी ‘परिणाम’ हे नाम बसत असेल तर ‘ई’ने सुरू होणारा शब्द लिहावा, ‘बाधणे’ किंवा ‘परिणाम करणे’ असे क्रियापद बसत असेल तर ‘ए’ने सुरू होणारा शब्द लिहावा. अवकाळी पावसाने द्राक्षबागा बाधित केल्या, या वाक्यात क्रियापद आहे, म्हणून ‘ए’. अवकाळी पावसाचा द्राक्षांवर झालेला परिणाम, येथे नाम आहे, म्हणून ‘ई’. ज्यांचा कार्यालयीन पत्रव्यवहाराशी संबंध येतो त्यांच्यासाठी आणखी भक्कम खूण आहे. बदलीच्या किंवा पगारवाढीच्या आदेशात ‘डब्ल्यू. ई. एफ.’ हे संक्षिप्त रूप नेहमी दिसते. त्याचे पूर्ण रूप ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ असे असून मधले ‘ई’ हे या नामाचेच आहे.

या कसोटीला अपवाद आहेत आणि ते लपवणे योग्य होणार नाही. बदल ‘घडवून आणणे’ या अर्थी ‘ई’चा शब्द क्रियापद म्हणूनही येतो, आणि मानसशास्त्रात भावनेच्या बाह्य आविष्कारासाठी ‘ए’चा शब्द नाम म्हणून वापरतात. नवख्या लेखकाने हे वाचून ठेवावे आणि पहिली काही वर्षे ते वापरण्याच्या फंदात पडू नये.

‘इट्स’ची जोडीही कामावरूनच सुटते. अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षरांच्या वरच्या बाजूला येणारे स्वल्पविरामासारखे चिन्ह, असलेला शब्द हे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ यांचे संक्षिप्त रूप आहे. वाक्यात ते पूर्ण रूप मोठ्याने म्हणून पाहावे; वाक्य जुळले तर चिन्ह द्यावे आणि ‘त्याचा, त्याची, त्याचे’ असा अर्थ असेल तर चिन्ह देऊ नये. ही चूक फार मोठ्या प्रमाणात होते, कारण इतर नामांना ‘चा-ची-चे’ लावताना आपण ते चिन्ह देतो आणि येथेही तेच नैसर्गिक वाटते.

तिसरी पायरी: शब्दाचे कूळ शोधावे

माझ्या मते सर्वांत टिकाऊ उपाय हाच आहे. उच्चार सारखा आणि अर्थ वेगळा असलेल्या शब्दांमागे त्यांचे नातलग उभे असतात आणि ते नातलग बहुधा आपल्या ओळखीचे असतात.

वह्या-पेन विकणाऱ्या दुकानांच्या पाट्या पाहाव्यात. त्यांतील अनेक पाट्यांवर ‘स्टेशनरी’चा शेवट ‘ए-आर-वाय’ असा रंगवलेला दिसतो आणि त्या शब्दाचा अर्थ ‘स्थिर, न हलणारे’ असा होतो. लेखनसाहित्याच्या शब्दाचा शेवट ‘ई-आर-वाय’ असा आहे. बेकरचा व्यवसाय ती बेकरी, ग्रोसरचा व्यवसाय ती ग्रोसरी, तसाच स्टेशनर जो माल विकतो ती स्टेशनरी. तिघांतही ‘ई-आर’ हे माणसाचे आणि ‘वाय’ त्याच्या व्यवसायाचे किंवा मालाचे. हा स्टेशनर कोण होता, हे जाणून घेण्यासारखे आहे. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते गावोगाव फिरून माल विकत. विद्यापीठांच्या गावांत ग्रंथविक्रेत्यांचे दुकान मात्र एका जागी कायम असे. ज्याचे स्थान ठरलेले तो स्टेशनर. म्हणजे स्थिर आणि लेखनसाहित्य हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आले आहेत आणि त्यांचा गोंधळ होतो यात नवल नाही. ते मूळ संस्कृतमधील ‘स्था’ या धातूचे नातलग आहे. स्थिर, स्थान आणि रेल्वेचे स्थानक हे आपले शब्द त्याच कुळातले. ‘स्था’मध्ये ‘आ’ आहे, म्हणून स्थिर या अर्थाच्या शब्दात ‘ए’, असे मराठी माणसाने लक्षात ठेवले की पाटी चुकणार नाही.

‘डेअरी’ आणि ‘डायरी’ यांतही ‘ए’ आणि ‘आय’ यांची जागा बदलते, आणि गाव सहकारी दूध संस्थेचे असेल तर रोजच्या लेखनात ही चूक हमखास घडते. डायरी हा शब्द दिवसाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे आणि तो लॅटिन शब्द आपल्या ‘दिवस’चा दूरचा नातलग आहे. डायरीची सुरुवात ‘डी-आय’ अशी होते. तिला ‘दि’ असे वाचावे, की दिवस आणि दैनंदिनी दोन्ही आठवतात. उरलेला शब्द दुधाचा.

‘प्रिन्सिपल’च्या जोडीत एक शब्द ‘ए-एल’ने संपतो आणि दुसरा ‘एल-ई’ने. ‘ए-एल’ हा ‘नॅशनल’, ‘सेंट्रल’ अशा विशेषणांचा ओळखीचा शेवट आहे, आणि ‘ए-एल’चा प्रिन्सिपलही मुळात विशेषणच आहे: मुख्य, प्रधान. मंत्रालयातील प्रधान सचिव हे ‘प्रिन्सिपल सेक्रेटरी’ असतात. महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणजे अध्यापकांतील मुख्य, आणि कर्जातील मुद्दल म्हणजे व्याज सोडून असलेली मुख्य रक्कम. म्हणून या दोघांचाही शब्द ‘ए-एल’चाच. ‘एल-ई’ने संपणारा शब्द नेहमी नाम असतो आणि त्याचा अर्थ तत्त्व असा होतो. नियम या अर्थाचा ‘रूल’ हाही ‘एल-ई’नेच संपतो. गृहकर्जाची कागदपत्रे वाचताना ही जोडी अनेकदा समोर येते आणि तेथे मुद्दलाच्या जागी तत्त्व लिहिलेले वाईट दिसते.

‘कॉम्प्लिमेंट’मध्ये मधले अक्षर ‘ई’ असेल तर शब्द ‘कम्प्लीट’च्या कुळातला आहे, म्हणजे पूर्ण करणारा. भूमितीत ज्या दोन कोनांची बेरीज 90 अंश होते त्यांना आपण कोटिकोन म्हणतो. ते एकमेकांना काटकोनापर्यंत पूर्ण करतात आणि त्यांच्या इंग्रजी नावात ‘ई’ आहे. मधले अक्षर ‘आय’ असेल तर शब्द स्तुतीचा किंवा सौजन्याचा आहे. नाटकाचा मोफत पास किंवा पुस्तकाची भेटप्रत सौजन्याची असते, म्हणून तेथे ‘आय’.

‘एलिजिबल’ म्हणजे पात्र आणि ‘इलेजिबल’ म्हणजे वाचता न येणारे. नोकरीच्या अर्जात ‘मी या पदासाठी पात्र आहे’ असे लिहायचे असताना दुसरा शब्द पडला, तर ‘मी वाचता येत नाही’ असा अनर्थ होतो. पहिल्याचा नातलग ‘इलेक्ट’, म्हणजे निवडणे, आणि दोघांची सुरुवात ‘ई-एल’ अशी आहे. दुसरा ‘इलीगल’प्रमाणे ‘आय-एल-एल’ने सुरू होतो आणि त्या सुरुवातीत नकार आहे.

चौथी पायरी: कूळ सापडले नाही तर खूण मराठीत करावी

इंग्रजी पुस्तकांतून दिलेल्या खुणा इंग्रजी मातृभाषेच्या मुलांसाठी असतात आणि त्या आपल्याला पाठ कराव्या लागतात, म्हणजे एका ओझ्यावर दुसरे ओझे. स्वतःची खूण स्वतःच्या भाषेत करणे चांगले. ‘कौन्सिल’च्या जोडीत सुरुवातीचा ‘सी’ दोघांतही आहे; मध्येही ‘सी’ असलेला शब्द परिषदेचा आहे, जसे की विधान परिषद. कमिटीचा ‘सी’ आठवावा. ‘एस’ असलेला शब्द सल्ल्याचा आहे आणि ‘एस’ म्हणजे सल्ल्याचा ‘स’. त्यामुळे नगरसेवकाच्या इंग्रजी पदनामात ‘सी’ येईल आणि समुपदेशकाच्या पदनामात ‘एस’ येईल. ‘डिस्क्रीट’च्या दोन रूपांत चित्राची खूण चालते: ज्या रूपात दोन ‘ई’ ‘टी’मुळे एकमेकांपासून वेगळे झाले आहेत तो शब्द ‘सुटे, विलग’ या अर्थाचा, आणि ज्यात ते जवळ राहिले आहेत तो ‘तारतम्य राखणारा, गोष्ट मनात ठेवणारा’ या अर्थाचा.

काही जोड्यांत अडचण स्पेलिंगची नसून मराठी प्रतिशब्दाची असते. ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ या दोहोंसाठी आपण ‘ऐतिहासिक’ म्हणतो. इतिहासात महत्त्वाचा ठरलेला तो पहिला. इतिहासाशी संबंधित असलेला, मग तो महत्त्वाचा असो वा नसो, तो दुसरा. येथे खुणेपेक्षा दोन वेगळे मराठी अर्थ लिहून ठेवणे उपयोगी पडते.

पाचवी पायरी: वहीत एका वेळी एकच शब्द

जोडीतले दोन्ही शब्द एकाच दिवशी, एकाच ओळीत, समोरासमोर लिहून पाठ करू नयेत, असा माझा आग्रह आहे. तसे केल्याने दोघांची गाठ मनात अधिकच घट्ट बसते आणि एक आठवताना दुसरा सोबत येतो. आधी जो शब्द आपल्याला जास्त लागतो तो घ्यावा. त्याचा अर्थ, त्याचा एखादा नातलग आणि आपल्या कामातले एक खरे वाक्य लिहावे. बँकेत काम करणाऱ्याने मुद्दलाचे, शिक्षकाने प्राचार्यांचे. पुढचा आठवडाभर तो शब्द प्रत्यक्ष वापरावा आणि तो न चुकता येऊ लागला, की मगच त्याचा जोडीदार नव्या पानावर घ्यावा. वहीतली वाक्ये हाताने लिहिलेली असावीत.

सहावी पायरी: पाठवण्यापूर्वीची तपासणी

संगणकातील स्पेलिंग तपासणीवर या बाबतीत विसंबून राहू नये. ती मुख्यतः शब्दकोशात नसलेले शब्द दाखवते. नव्या प्रणाली संदर्भ पाहून काही जोड्या ओळखतात, पण सगळ्या ओळखत नाहीत, आणि मोबाइल तर कधी कधी बरोबर शब्दाच्या जागी आपणहून चुकीचा ठेवतो. म्हणून स्वतःच्या नेहमीच्या चुकांची छोटी यादी करावी, आठ-दहा शब्दांची पुरते, आणि मजकूर पूर्ण झाल्यावर त्यातील प्रत्येक शब्द संगणकाच्या शोधसुविधेने मजकुरात शोधून तेथे वरचे प्रश्न विचारावेत: उच्चार कोणता, काम कोणते, कूळ कोणते. ‘फ्रॉम’ आणि ‘फॉर्म’ या यादीत अवश्य असावेत. त्यानंतर छापील प्रतीवर शेवटचे वाक्य आधी आणि पहिले वाक्य शेवटी असे उलट क्रमाने वाचावे, कारण सरळ वाचताना डोळा अर्थाच्या ओघात पुढे सरकतो आणि अक्षरे पाहत नाही.

एवढे करूनही शंका राहिली आणि शब्दकोश हाताशी नसेल, तर तो शब्द टाळून वाक्य दुसऱ्या रीतीने लिहावे. ‘इफेक्ट’ऐवजी ‘रिझल्ट’ लिहिता येतो, ‘स्टेशनरी’ऐवजी ‘पेपर अँड पेन्स’ लिहिता येते. घरी आल्यावर तो टाळलेला शब्द मात्र वहीच्या पुढच्या पानावर उतरवावा.

सरावासाठी तीन वाक्ये देतो. नगरसेवकांनी शाळेला लेखनसाहित्य दिले. औषधाचा परिणाम दिसला, पण त्याने झोप बाधित झाली. प्राचार्यांनी मला सल्ला दिला. यांचे इंग्रजी स्वतः लिहावे आणि मगच पुढचे वाचावे. पहिल्या वाक्यात नगरसेवकांसाठी ‘सी’ आणि लेखनसाहित्यासाठी ‘ई-आर-वाय’ हवे. दुसऱ्यात आधी ‘ई’चा शब्द आणि नंतर ‘ए’चा. तिसऱ्यात प्राचार्यांसाठी ‘ए-एल’. आणि ‘सल्ला दिला’ याचे इंग्रजी ‘गेव्ह’ने केले असेल तर सल्ल्याचे नाम ‘सी-ई’ने, आणि एकाच क्रियापदात केले असेल तर ‘एस-ई’ला ‘डी’ जोडून.